पिलरवरची रेघ

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि — खरं सांगू? — ही भीती आता एकट्याच्या पोटात मावत नाही.

जुन्नरच्या बाहेर माझं गाड्या चकचकीत करायचं दुकान आहे. धुणं, पॉलिश, वरून कोटिंग. काम झालं की फोटो काढून मोबाईलवर टाकायचे. गिऱ्हाईक त्या फोटोंवरच येतं. जुन्या गाड्या विकणारे एजंटही आधी माझ्याकडून फोटो काढून घेतात. मोबाईलचे फोटो पुरेनात, म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. पेठेतल्या कांतीशेठनी दोन कॅमेरे पुढ्यात ठेवले. "दोन्ही ने, वापरून बघ. आवडेल तो ठेव." ओळखीच्या माणसाला ते असंच देतात.

एक भारी होता. त्यात फडक्याने उठलेले बारीक ओरखडेसुद्धा दिसायचे. मला अगदी तसाच हवा होता. दुसरा साधा — सगळंच थोडं गुळगुळीत करणारा. यात निवडायचं काय, सांगा?

त्याच दिवसांत एका एजंटची पांढरी, सात सीटची गाडी आली. पॉलिश करून मी भारी कॅमेऱ्याने फोटो काढले, कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. पुढची काच आणि दार यांच्या मधला खांब — पिलर, ज्याच्यावर छप्पर पेललेलं असतं — त्यावर आडवी रेघ. रेघेच्या वर एक पांढरा, खाली दुसरा. गाडीपाशी जाऊन नख फिरवलं, तर उंचवटा लागला. गाडी कधीतरी पलटी झाली होती. पिलर कापून जोडला होता आणि वरून रंग मारला होता.

एजंटला विचारलं. तो हसला. "पावणं, तुमी फोटू काडा. गाडीचं मी बगतो." त्याच्याकडून येणारं पुढचं सगळं काम माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि मी साध्या कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढले. रेघ गेली. सगळीकडे एकच पांढरा.

भारी कॅमेरा शेठना परत केला. हाताला जड पडतो म्हणालो.

गाडी कुणी घेतली? दिनकरने. शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो. आता भाविकांना भीमाशंकरला नेतो-आणतो. पेढे घेऊन थेट माझ्या दारात आला. "तुजं फोटू बगितलं आन् म्हनलं, गड्यानं काडल्यात म्हंजी गाडी चोख असनार. मेकॅनिकला बी न्हाई दावली." तेव्हा सांगता आलं असतं ना? चाकाखाली लिंबंसुद्धा अजून ठेवली नव्हती. मी पेढा घेतला.

तेव्हापासून घाटातल्या अपघाताची बातमी आली की मी आधी गाडीचा रंग बघतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलायच्या आधी दिनकर आज कुठे गेलाय ते आठवतो. घाटात धुकं उतरलं असं कुणी सहज म्हणालं, तरी जेवण जात नाही. दिनकर गाडी माझ्याकडेच धुवायला आणतो. तो पिलर मी स्वतः पुसतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मागच्या वेळी रेघेवरचा रंग केसाएवढा चिरलेला दिसला. मी काय केलं असेल? मेण भरलं. वर फोटोही काढला, त्याच साध्या कॅमेऱ्याने.

गेल्या सोमवारी तो घरच्यांना घेऊन भीमाशंकरला निघाला. दुकानापाशी थांबून हॉर्न दिला. "चल की राव, म्होरची सीट तुज्यासाठीच ठिवलीय." त्या सीटवर त्याची धाकटी मुलगी बसली होती — पिलरला गाल लावून, बाहेर बघत. त्या गाडीत मी एकदाही बसलेलो नाही, हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

मी म्हणालो, "दुकानात लई काम आहे. तिथं तिलाच बसू दे."

हो, हेच म्हणालो मी. ती मला टाटा करत गेली. मग मी शटर खाली ओढलं आणि ते परत येईपर्यंत अंधारात फोन धरून बसून राहिलो. ते सुखरूप आले.

उद्या गाडी धुवायला येणार आहे. मेणाचा डबा मी काढून ठेवलाय.