सावंतचं नाव आणि गौरीचा चौरंग

तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालो, आता बेंगळुरूत राजाजीनगरला असतो. माझी शेवटची पोस्टिंग फायरिंग रेंजवर होती. नव्या दारूगोळ्याची चाचणी घ्यायची. पहाटे पीटी, मग चहा, मग रेंज. काम रटाळ, पण हवालदार येसू सावंत बरोबर असला की कंटाळ्याची काय टाप! गडी मॉर्टारशी, त्या उखळी तोफेशीही गप्पा मारायचा.

त्या सकाळी नवा लॉट उघडला. गोळ्यांवर, पेट्यांवर जाड हिरवा रंग. वायरलेसवर ऑर्डर आली, "रेंज क्लिअर. फायर." सावंतने गोळा नळीत सोडला. तो नळीतच फुटला. मी धावत पोचलो तेव्हा सावंत गेला होता.

चौकशीत ठरलं, त्याने एकावर एक दोन गोळे टाकले. साफ खोटं! मी पाहत होतो, तसं सांगितलंही. ऐकतो कोण? चूक त्याच्या माथी मारली आणि युनिटच्या स्मारकावर नाव कोरलं नाही. त्याच्या बायकोला, राधावहिनींना, ते फार लागलं. मलाही.

रिकाम्या पेट्यांच्या फळ्यांचं काहीतरी करून घरी नेणं ही आम्हा फौजींची खोड. त्याच लॉटच्या एका पेटीचा मी चौरंग केला. आमची ही दरवर्षी त्यावर गौरी बसवते.

यंदा टीव्हीवर बिंग फुटलं. ज्या देशाशी आपले संबंधच नाहीत असं जगाला सांगत होते, त्याच्याचकडून सरकारने गुपचूप दारूगोळा घेतला होता म्हणे. मंत्री ठणकावून म्हणाले, "एकही गोळा आलेला नाही." तेवढ्यात मोरीतून हिची हाक आली, नेहमीसारखी कन्नडमिश्रित.

"अहो, स्वल्प इकडे या. घासून घासून चौरंगाचा रंग गेला. खाली कसली अक्षरं आहेत?"

बघतो तर काय! फळीवर आपला कोरलेला लॉट नंबर शाबूत आणि शेजारी, हिरव्या रंगाखाली, परकी लिपी. मी मोरीतच नाचलो.

"अगं, मंत्र्याचं खोटं धुऊन काढलंस!"

"सरी, ठीक आहे. पण मी गौरी कुठे बसवू?"

"सागवानी चौरंग आणतो, बाई!"

ऑटोत मांडीवर चौरंग घेऊन मी या खरेदीसाठी नेमलेल्या चौकशी समितीपुढे गेलो. तज्ज्ञांनी अक्षरं वाचली. माल त्याच देशाचा, मुदत उलटलेला, म्हणूनच गोळा नळीत फुटला. सावंत निर्दोष ठरला. मी वहिनींना फोन केला.

"भाऊजी, परत सांगा."

परत सांगितलं. मग आणखी एकदा. दोघंही रडत होतो आणि हसत होतो.

परवा युनिटच्या स्मारकापाशी कार्यक्रम झाला. साताऱ्याहून वहिनी आल्या. आमच्याकडे रीत अशी, की साहेब शहिदांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला सोबती ओरडतात, "हाजिर!"

साहेबांनी शेवटचं नाव वाचलं. "हवालदार येसू सावंत."

आम्ही छातीत श्वास भरला, पण वहिनींचा आवाज आधी निघाला. "हाजिर!"

मग आम्ही ओरडलो. रीत एकदाच ओरडायची. आम्ही तीनदा ओरडलो आणि साहेबही आमच्याबरोबर ओरडले.