आजोबा डायनोसॉर मागून येताहेत

वडिलांना घर बदलायला राजी करावं म्हणून मी त्यांना डायनोसॉरचं कार्टून दाखवलं.

वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि मी चाळिशी. म्हणजे कार्टून बघून निर्णय घेण्याचं वय दोघांचंही नाही. पण मला ती कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो की त्या आनंदात ऑफिसमधल्या दोघांना चहा पाजला.

झालं असं होतं, की दिवाळीच्या आधी बाबा जिन्यावरून घसरले. आईबाबांचं घर भोपाळच्या अयोध्या नगरात. नोकरीभर कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहून निवृत्तीच्या सुमारास बांधलेलं, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. हाड मोडलं नाही, पाय मुरगळला एवढंच. पण आम्ही राहतो मिसरोदला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बातमी कळल्यापासून पोहोचेपर्यंत मला सगळे सिग्नल लाल मिळाले, आणि तेव्हापासून आईचा फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली उचलतो. मग ती विचारते, "कोथिंबीर निवडून ठेवली आहे, येणार का घ्यायला?"

आमच्याकडे लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे, खाली बाग आहे. मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा आहे. लहानपणी सायकल मागितली तेव्हाही 'बघू'च होतं.

आता त्या सिनेमाकडे येतो.

मी शाळेत होतो तेव्हा वसाहतीतल्या मराठी मंडळाचा गणपती दणक्यात बसायचा. नाटक, गाण्यांच्या भेंड्या, बायकांची पाककृती स्पर्धा, आणि एक संध्याकाळ मुलांची. एका वर्षी मुलांसाठी भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला. 'बच्चों की पिक्चर' म्हणून दुकानदाराने जी कॅसेट गळ्यात मारली, ती निघाली इंग्रजी. डायनोसॉर इंग्रजीत बोलायला लागले आणि पाच मिनिटांत मांडवात चुळबूळ सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ये बोल क्या रहे हैं?"

तेव्हा बाबा उठले, आरतीचा माईक हातात घेतला आणि टीव्हीशेजारी उभे राहून सिनेमा मराठीत सांगायला लागले.

हे किती अघटित होतं ते कळण्यासाठी माझे बाबा माहीत हवेत. ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर नकाशे काढायचे आणि घरी येऊन जेवताना मीठसुद्धा खुणेने मागायचे. तो माणूस माईकवर बोलत होता! शिंगवाल्या डायनोसॉरला त्यांनी फोरमन करून टाकलं. मोठाल्या दातांचा दिसला की म्हणायचे, "आले, तपासणीवाले साहेब आले!" आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेले सगळे बाप पोट धरून हसायचे. का हसतात ते आम्हा मुलांना कळत नव्हतं, पण आम्हीही हसायचो.

गोष्ट साधी होती. एक मोठं तळं आटत जातं आणि डायनोसॉरांचा कळप समुद्राकडे निघतो. पाठीवर पत्र्यासारख्या उभ्या तकट्या असलेलं एक भित्रं पिल्लू असतं, आणि त्याचा दोस्त म्हणजे लांब मानेचा एक म्हातारा, ज्याच्या पाठीवर शेवाळ साचलेलं. वाटेत हजार भानगडी होतात. म्हातारा मागे पडतो. पिल्लू वळून वळून बघतं. बाबा माईकवरून धीर द्यायचे, "आजोबा मागून येताहेत. त्यांची चाल हळू आहे, एवढंच." आणि शेवटी समुद्र दिसतो, लांब मानांची गर्दी दिसते, त्यातल्या एका मानेवर बोट ठेवून बाबा ओरडतात, "ते बघा, पोचले आजोबा!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या गोंधळातच बाबांनी टीव्ही बंद केला. मी सगळ्यांत जास्त वाजवल्या, कारण माईकवाले माझे वडील होते.

तेव्हापासून माझ्या मनातला जगातला सर्वांत चांगला सिनेमा तोच. कॉलेजात मित्र परदेशी दिग्दर्शकांची नावं घ्यायचे तेव्हा मी त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचो. लग्न ठरताना बायकोलाही सांगितली होती. ती तेव्हा "किती गोड!" म्हणाली होती. आता म्हणत नाही.

तर माझा डाव असा. म्हातारा डायनोसॉर जुनं तळं सोडतो, हळूहळू का होईना नव्या जागी पोहोचतो आणि तिथे सुखात राहतो. बाबांना उपदेश करायचा नाही. फक्त सिनेमा लावायचा. बाकीचं काम म्हातारा करेल.

इंटरनेटवर शोधाशोध करून तो सिनेमा मिळवला. सुरुवातीची दहा मिनिटं बघितली, तळ्यावरचं धुकं बघून डोळ्यांत पाणी आलं आणि बंद केला. म्हटलं, उरलेला बाबांबरोबरच बघू. आणि बघायचं तरी काय? मला तर पाठच होता.

मुलगी कॉलेजात जायच्या बेतात आहे. तिने विचारलं, "पप्पा, आजोबांना कार्टून दाखवणार? सच्ची?"

बायको म्हणाली, "जाऊ दे गं त्यांना. तेवढीच घरात शांतता."

रविवारी दुपारी मी अयोध्या नगरात पोहोचलो. बाबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते, आई मटार सोलत होती. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि काहीच ठरवून आलो नाही अशा सुरात म्हणालो, "बाबा, आठवतो का हा?"

पडद्यावर ते तळं आलं. बाबा पुढे सरकले. "अरे! हा तर तो गणपतीतला."

आईने थोडा वेळ बघितलं. "हा कोण? मघाचाच का?"

"नाही आई, तो शिंगवाला. हा पाठीवर तकट्या असलेला."

"सगळे सारखेच दिसतात बाप्पा. आणि बोलतात काय ते कळत नाही." मग ती बाबांकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा ना. तेव्हा सांगत होता तसं."

बाबा लाजले. खरंच लाजले. मग त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेऊन आवाज बंद केला, घसा खाकरला आणि सुरू झाले. पहिली दोन वाक्यं अडखळली, पण दातवाला आला आणि बाबा म्हणाले, "आले, तपासणीवाले साहेब! पेन्शनीतसुद्धा पिच्छा सोडत नाहीत." आईच्या हातातले मटार सांडले. मी जमिनीवर बसलो होतो, मांडवात बसायचो तसाच, आणि डाव-बिव सगळं विसरून गेलो होतो.

मग तो प्रसंग आला. कळप डोंगराच्या तोंडाशी पोहोचलेला, म्हातारा मागे थांबलेला. मला माझा डाव आठवला. मी सावरून बसलो. आता बाबा म्हणणार, आजोबा मागून येताहेत. तेवढ्यात 'बघा बाबा, या वयातही' असं काहीतरी सहज टाकायचं, हे मी गाडीतच पाठ केलं होतं.

पडद्यावर म्हाताऱ्याने मान खाली करून पिल्लाच्या कपाळाला नाक लावलं. आणि मागे फिरला.

बाबांनी मुरगळलेला पाय स्टुलावर नीट ठेवला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आजोबा म्हणाले, तुम्ही जा रे. तळ्यात अजून माझ्यापुरतं पाणी आहे. माझं इथे बरं आहे."

"बाबा!" मी म्हणालो. "असं नाहीये ते! ते मागून येतात. शेवटी समुद्रावर पोचतात!"

"बघ की मग," बाबा म्हणाले.

मी बघितलं. डोळे फाडून शेवटपर्यंत बघितलं. समुद्र आला, लांब मानांची गर्दी आली. एकाच्याही पाठीवर शेवाळ नव्हतं. शेवटच्या दृश्यात म्हातारा आपल्या तळ्यात उभा होता, गुडघाभर पाण्यात, पाला खात. चांगला मजेत दिसत होता, हे आणखी वाईट.

"पण तेव्हा तर तुम्ही म्हणाला होतात..."

"तेव्हा माईक माझ्या हातात होता." बाबांनी टीव्ही बंद केला. "त्या वर्षी मी अकोल्याला गेलो होतो, माझ्या बाबांना आणायला. नवं क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्यांचं. म्हटलं, एकटे कशाला राहता. ते म्हणाले, तू जा. रिकाम्या हातांनी परत आलो आणि पुढच्याच आठवड्यात हा सिनेमा. म्हटलं, इथे तरी येऊ देत."

माझे आजोबा भोपाळला कधी आले नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना कुणी बोलवायला गेलं होतं, हे माहीत नव्हतं.

अशा वेळी काहीतरी शहाण्यासारखं बोलावं. मी म्हणालो, "पण आमच्याकडे लिफ्ट आहे."

"आहे ना. चांगलीच आहे." बाबा हसले. "पण तिथे सकाळी उठून मी करू काय? इथे फाटकाशी उभा राहिलो तरी दूधवाल्यापासून सगळे विचारतात, 'बाऊजी, पाँव कैसा है अब?' तुझ्याकडे लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये बघत असतात." मग म्हणाले, "तुला भीती जिन्याची आहे ना?"

"हो."

"मग पलंग खाली आण. आम्ही बैठकीत झोपू. पाहुणे येतात कोण असे?"

"हे मी दिवाळीपासून सांगते आहे," आई मटार गोळा करत म्हणाली. "पण माझं कोण ऐकतं? मी काही डायनोसॉर नाही."

मला वाटलं होतं, नकार मिळाला की मी हुज्जत घालीन. पण जिन्यावरून रोज वर जाणार नाहीत, एवढं ऐकल्यावर गेले दोन महिने हाताशी ठेवलेली गाडीची किल्ली मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. मी उत्साहाने उठलो, बाह्या सरसावल्या. बाबा म्हणाले, "आधी पलंगाचे स्क्रू काढ. सुटा करून आण."

मी म्हणालो, "कशाला बाबा? असाच आणतो. शेजारच्यांना हाक मारतो एक."

शेजारचे काका आले. आम्ही पलंग उचलला. वळणापर्यंत झकास आला. वळणावर तो भिंतीत आणि कठड्यात असा घट्ट बसला, की वर जाईना, खाली येईना. काका वरच्या बाजूला होते, ते शांतपणे खोलीत जाऊन बसले. मी मात्र पलंगाचा पाय आणि भिंत यांच्या मधोमध अडकलो. हात वर, पोट आत, मान वाकडी. बाबा लंगडत स्क्रूड्रायव्हर शोधायला गेले.

आई खालच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"आख्ख्या बापाला मिसरोदला न्यायला निघाला होता," ती म्हणाली, "आणि एक पलंग उतरवता येत नाही मेल्याला."