तो चमचा, ती काटा, ते सुरी

येतेर म्हणजे 'पुरे'. तुर्कस्तानातल्या योजगातजवळच्या त्या गावात तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने देवाला निरोप धाडावा तसं हे नाव ठेवलं. देवाला ते पोचलं असावं, कारण पुढच्या खेपेला मुलगा झाला. गंमत अशी की त्यांच्या तुर्की भाषेत तो, ती, ते हा भेदच नाही. बाप, आई, बैल, दगड, चंद्र, सगळ्यांना मिळून एकच 'ओ'. भाषेने कुणाला बाई-पुरुष केलं नाही, पण ती कसर तिथल्या माणसांनी पुरेपूर भरून काढली होती.

येतेरचा सासरा दुर्मुश आगा. त्याच्या घरात एक जुनी रीत अजून पाळत. नव्या सुनेने सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही. काही सांगायचं असेल तर डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून सासूच्या कानात कुजबुजायचं. मग कधीतरी सासरा एखादी मेंढी नाहीतर बांगडी देऊन सुनेची जीभ सोडतो आणि ती बोलू लागते. इतर घरांत हे झटपट उरकायचं, कित्येकांनी तर सोडूनच दिलं होतं. दुर्मुश आगाने मात्र जाहीर केलं, "नातू झाला की सोडीन." झाली नात, नेर्गिस. जीभ तशीच बांधलेली राहिली. म्हातारा मनाने वाईट नव्हता, असं सगळं गाव सांगतं. नसेल. पण असले छळ वाईट नसलेल्या माणसांनीच मांडलेले मी जास्त पाहिलेत.

येतेरचा नवरा सेलामी जर्मनीत एका बेकरीत कामाला होता. बायको-मुलीला तिकडे न्यायचं ठरलं, तेव्हा कळलं की मुलीला अडचण नाही, पण बायकोला आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागेल. नेर्गिसचं शाळेत जायचं वय झालं होतं. सेलामीची मोठी बहीण तिथेच राहायची. "पोरीचं वर्ष कशाला घालवायचं? तू काय, दोन-चार महिन्यांत येशीलच," असं म्हणून तो नेर्गिसला घेऊन गेला. विमानतळावर पोर रडली नाही, नवीन दप्तराच्या नादात होती. येतेरही रडली नाही, कारण सासरा काठी टेकून शेजारी उभा होता.

मग ती तालुक्याच्या गावी मिनीबसने शिकवणीला जाऊ लागली. शुले नावाच्या तरुण बाई शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या. चमचा म्हणे पुरुष, काटा म्हणे बाई आणि सुरी दोन्हींपैकी काहीच नाही.

"का पण, बाई?" येतेरने विचारलं. शिकवणीत तिला आवाज होता.

"का ते जर्मनांनाही ठाऊक नाही. पाठ करायचं."

"एकाच ताटात जेवतात आणि तिघांच्या तीन तऱ्हा?"

"आमच्या घरीही तसंच आहे," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

आपण मराठी माणसं जन्मापासून तो-ती-ते करत आलो, म्हणून आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण भाकरी बाई का आणि तवा पुरुष का, असं उद्या कुणी आपल्याला खडसावून विचारलं तर आपलीही बोबडी वळेल. येतेरला तर हे नव्याने घोकायचं होतं, आणि तेही पोर डोळ्यांआड असताना. ती दार आठवायची, तर ते बाई की पुरुष यात अडायची. खिडकी आठवेपर्यंत दार विसरायची. चूक झाली तर पोर दुरावेल, हे तिच्या डोक्यात असं बसलं की एकेक शब्द तोंडातून निघण्याआधी तीन-तीनदा तपासला जाई आणि शेवटी निघतच नसे. शुले बाई कानीकपाळी ओरडायच्या, "चुकलं तरी चालतं गं, गुण कापले तरी थोडेच कापतात. पण बोल!" ते येतेरला पटायचं नाही. चुकलं तरी चालतं असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

बाईंनी वस्तूंवर रंगीत कागद चिकटवायला सांगितले होते. येतेरकडे कागद नव्हते, गालिचा विणून उरलेली लोकर होती. तिने पुरुषांना निळा, बायांना लाल आणि बाकीच्यांना हिरवा धागा बांधायला घेतला. शेगडीच्या पायाला निळा, दाराच्या कडीला लाल, पाव लक्षात राहावा म्हणून त्याच्या टोपलीला हिरवा. जर्मनांच्या लेखी 'मुलगी' हा शब्दही बाईत बसत नाही, हिरव्यात बसतो. तो दिवस तिला फार जड गेला. माझी नेर्गिस काय दगड-धोंडा आहे, असं मनात म्हणत तिने कपाटावरच्या नेर्गिसच्या फोटोलाही हिरवा धागा बांधला, घट्ट गाठ मारली आणि शब्द लक्षात राहावा म्हणून तोंडाने पुटपुटत राहिली.

नेमकं ते सासूने पाहिलं. दोने आजी मनाची भोळी, पण गाठी आणि पुटपुटणं म्हणजे करणी, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

"हाय माझ्या कर्मा! पोटच्या पोरीवर करणी करतेस? गाठी मारून फुंकतेस?"

येतेर एका शब्दात समजावू शकली असती. पण शेगडीपाशी दुर्मुश आगा बसला होता. तिकडची थंडी अशी की हिवाळ्यात अख्खं घर शेगडीच्या एकाच खोलीत राहतं, आणि पाय अधू असल्याने म्हातारा तर तिथून हलतच नसे. येतेरने रुमाल तोंडावर धरला, सासूच्या कानाशी जायला पाहिलं. सासू चार पावलं मागे सरली. "जवळ येऊ नकोस!" म्हणाली आणि कात्री आणून तिने घरभरचे धागे कापले. कापलेले सगळे धागे शेगडीत गेले. म्हातारा नुसता बघत होता. त्याने एकदा जरी "काय गं हे?" असं विचारलं असतं, तरी भागलं असतं.

परीक्षा अंकाराला झाली. लिहिणं जमलं, ऐकणं जमलं. तोंडी परीक्षेला समोर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पावाचं चित्र पुढे सरकवलं. मागा, म्हणाले. येतेरला पाव येत होता, हिरवा धागाही डोळ्यांसमोर होता. पण त्या मिशा पाहून तिचा हात आपोआप रुमालाच्या टोकाकडे गेला आणि दातखीळ बसली. ती नापास झाली.

दुसऱ्या वेळी समोर एक हसऱ्या बाई होत्या. तरी तेच झालं. गप्प राहायची सवय आता मिशांवर अवलंबून उरली नव्हती.

"अगं, नुसतं तोंड उघडायचं होतं ना!" सेलामी फोनवर चिडला. "इथं माझी बहीण म्हणते, तुझ्या बायकोला यायचंच नाहीये."

तो फोनही शेगडीच्या खोलीत, म्हाताऱ्याच्या उशाशी. येतेर रुमालाआडून श्वास टाकल्यासारखी "नाही" म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

आणि नेर्गिस हळूहळू निसटत चालली. आधी ती तुर्कीत भडाभडा सांगायची. मग मधे-मधे जर्मन शब्द आले. मग जर्मन वाक्यं आली आणि तुर्की शब्द मधे-मधे उरले. येतेरला बरंचसं कळायचं. पण उत्तर द्यायचं तर जर्मनमध्ये चुकण्याची भीती आणि तुर्कीत सासऱ्यासमोर आवाज काढायची चोरी. पोर विचारायची आणि थांबायची, पुन्हा विचारायची, आणि आई नुसती श्वास घेत राहायची. रात्री अंथरुणात येतेर त्या प्रश्नांची उत्तरं उशीत तोंड खुपसून द्यायची. नवल वाटतं की त्या हिवाळ्यात ती वेडी कशी झाली नाही.

शेवटी एका रविवारी फोनवर एकटा सेलामीच आला. "ती नाही म्हणतेय. म्हणते, आई बोलतच नाही माझ्याशी. आईला मी आवडत नाही."

येतेरच्या हातातलं रुमालाचं टोक सुटलं.

"नेर्गिस!" ती किंचाळली. दोने आजीच्या हातातली चहाची बशी खणकन वाजली. सुनेचा आवाज एवढा मोठा आहे, हे त्या घराला पहिल्यांदाच कळत होतं. "नेर्गिस! तो मांजर! आपला तो मांजर व्याला!" जर्मनमधून ती ओरडत होती, आणि लाल की निळा हे तिने आज एकदाही तपासलं नाही.

  येतेरने भीतभीत शेगडीकडे पाहिलं. दुर्मुश आगा डोळे विस्फारून बसला होता. मग त्याने घसा साफ केला.

"जोरात बोल, सूनबाई," तो म्हणाला. "लांब आहे पोर."

ना मेंढी, ना बांगडी. एवढ्याशा शब्दासाठी बाईची इतकी वर्षं गेली.

फोनवर पावलं धावत आली आणि खुदकन हसू आलं. "तो नाही, आई! ती मांजर!"

"बरं. ती चमचा?"

"तो चमचा!"

"तो काटा?"

"ती! ती काटा! आई, तुला काहीच येत नाही!"

येतेरला सगळं येत होतं. धागे शेगडीत गेले होते, पण खोलीतल्या एकूण एक वस्तूचा रंग तिला पाठ होता. ती शेगडीपासून सुरू करून दार, खिडकी, आरसा, पावाची टोपली असं खोलीभर नजर फिरवत गेली आणि प्रत्येक शब्द मुद्दाम चुकवत गेली. जोवर चूक होती तोवर पोर दुरुस्त करत होती, आणि दुरुस्त करत होती तोवर फोन सोडत नव्हती. आजी तोंडाला रुमालाचं टोक लावून रडत होती. म्हातारा शेगडीत शेणी सारत राहिला, गरज नसताना.

खोलीतल्या वस्तू संपल्या. येतेरला घाईघाईत दुसरं काही सुचेना.

"तो आई," ती म्हणाली.

या वेळी पोर हसली नाही. "ती," हळूच म्हणाली. "ती आई." आणि मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, अडखळत, तुर्कीत तिने विचारलं, "कधी येणार तू?"

पुढची परीक्षा वसंतात होती. "वसंतात" असं सांगायला येतेरने तोंड उघडलं. पण पुन्हा नापास झाली तर? या एका प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायची तिची छाती होईना.