जेवा, साहेब

तुमच्या घरी सकाळी शेवटची पोळी लाटतात ती कोणाच्या नावाची असते?

पहिली गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हे मला ठाऊक आहे. मी विचारतो आहे ते यासाठी, की या दोन पोळ्यांच्या मध्ये जेवढ्या पोळ्या होतात त्यांतली एखादी दारासमोर बसलेल्या माणसाच्या नावाची असते का? उत्तराची घाई करू नका. आधी अक्काची गोष्ट ऐका, मग द्या.

जळगावच्या मालधक्क्यामागे पत्र्याच्या खोलीत राहणारी अक्का कुत्र्यांना ‘अहो’ म्हणायची आणि माणसांना ‘अरे’. एवढ्यावरच थांबत नव्हती. माणसांशी ती घरची अहिराणी बोलायची, शिव्यांसकट. कुत्र्यांशी मात्र कचेरीतली शुद्ध मराठी. “या, बसा. गर्दी करू नका. आपला नंबर आल्यावर मिळेल.” हे वाक्य तिनं ज्या कचेरीच्या दारात उभं राहून आयुष्यभर ऐकलं होतं, तिथलाच एक हुद्दा तिनं आपल्या सर्वांत लाडक्या कुत्र्याला देऊन टाकला होता. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला तो कुत्रा म्हणजे मामलेदारसाहेब. मी एकदा विचारलं, “अक्का, कुत्र्याला मामलेदार म्हणतेस, कोणी ऐकलं तर?” तर म्हणाली, “मंग काय? कचेरीना मामलेदार माले रोज ‘उद्या ये’ म्हनस. आनि यो माले कधी ‘उद्या ये’ म्हने नही.”

अक्का डाळीच्या मिलमध्ये पाखडायला जायची. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. कामावर जाण्याआधी ती वेताची मोठी पाटी घेऊन पेठेत एक फेरी मारायची. पेठेतल्या मोठ्या घरांत कुत्र्याची पोळी होते, पण ती घालायला रस्त्यावर उतरायचं कोणी? नव्या लुगड्याला कुत्री पाय लावतात. म्हणून घरोघरच्या सुना जिन्यावरूनच पोळ्या अक्काच्या पाटीत टाकायच्या. पुण्य वर राहायचं, पोळी खाली यायची. ती पाटी घेऊन अक्का धक्क्यावर आली की कुत्री ओळीनं बसायची. पोळी पुढ्यात पडली तरी एकही तोंड लावत नसे. अक्का कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे एकदा बघायची आणि म्हणायची, “जेवा, साहेब.” त्या शब्दानंतरच माना खाली जायच्या. हमाल बिड्या विझवून हा तमाशा पाहायचे.

माझी आणि तिची ओळख भांडणातून झाली. माझ्या वडिलांचा पायानं चालवायचा छोटा छापखाना होता. सभा, संप, मोर्चे यांची पत्रकं तिथं छापली जायची. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून, आणि जग बदलायचं असतं हेही तिथंच कळलं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः लिहायला लागलो आणि मालधक्क्याच्या लांब भिंतीवर पत्रकं चिकटवायला लागलो. ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. पिठाची खळ करून डब्यात नेत होतो. अक्कानं तो डबा पाहिला आणि माझा हातच धरला.

“दुष्कायमा भितले पीठ खावाडस? भितले पोट शे का रे?”

मी तिला पत्रकात काय लिहिलंय ते समजावू लागलो. भूक, सरकार, हक्क. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ज्याले वाचता येस त्याले भूक नही. ज्याले भूक शे त्याले वाचता येत नही. कोनासाठे लिखस तू?” त्या दिवसापासून घरचं पीठ तिच्याकडे जायला लागलं आणि मी चिंचोके भिजवून, वाटून त्यांची खळ करायला शिकलो. आजही तीच वापरतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून शोधतो आहे.

तोवर त्या भिंतीशी माणसं येऊन राहिली होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला धडधाकट शरीर लागतं. ज्यांच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं ते म्हातारे, आजारी, तान्ह्या मुलांच्या बाया, असे सगळे गोणपाटं टांगून तिथं पडले होते. त्यांच्यात यावलकडचा एक आंधळा म्हातारा होता. जन्मभर केळीच्या बागांना पाणी दिलेलं, आता प्यायच्या पाण्यासाठी लोकांपुढे हात पसरत होता. सगळे त्याला आबा म्हणत. अक्काची आणि त्याची मैत्री जमली ती टोमण्यांवर. तो म्हणायचा, “काय व अक्का, तुझी कुत्री पोळी खातात अन् आम्ही वास खातो. आम्हालाही शेपूट लाव एखादं.”

हे अक्काला दोन दिवस लागून राहिलं. मग तिनं एक रीत काढली. पोळ्या पेठेतून आणायच्या, पहिल्यासारख्याच कुत्र्यांपुढे मांडायच्या, कुत्री बसायची, आणि ‘जेवा’ हा शब्दच उच्चारायचा नाही. थोडा वेळ वाट पाहून ती पोळ्या उचलायची, झटकायची आणि भिंतीशी नेऊन वाटायची. मागे राहिलेला चुरा आणि मिलमधली चुनी, म्हणजे डाळीचा कोंडा, भिजवून कुत्र्यांना द्यायची, तेव्हा शब्द सुटायचा. मी म्हटलं, “अक्का, ही फसवणूक नाही का?” तिनं डोळे वटारले. “कुत्रास्ना पुढे ठेवसू असं मी सांगेल शे. ठेवस ना! त्या खातस नही, मी काय करू?”

मामलेदारसाहेब पोळीपासून वीतभर अंतरावर नाक ठेवून बसून राहायचा. तोंडातून लाळ गळायची, पण मान हलायची नाही. आबा विचारायचा, “आज साहेबांनी काय काय सोडलं?” अक्का म्हणायची, “बठ्ठं,” म्हणजे सगळं. “साहेबले आज उपास शे.” त्या भिंतीशी एवढं एकच हसू दिवसातून एकदा व्हायचं.

ही गोष्ट पेठेत कळली. कळणारच होती. आमच्या पेठेत भूतदयेची एक मंडळी होती. तिच्यात दुकानदार होते, वकील होते, मला शाळेत शिकवलेले एक मास्तरही होते. दुष्काळात माणसं भिंतीशी मरत होती तेव्हा यांची एकही बैठक झाली नव्हती. मुक्या जीवाच्या तोंडचा घास माणसं पळवतात म्हटल्याबरोबर मात्र बैठक झाली, चहा झाला, ठराव झाला. मास्तर मला म्हणाले, “माणसाला तोंड आहे, तो मागू शकतो. कुत्रा कुठे मागणार?” मी म्हणालो, “मास्तर, त्यांनी मागितलं तेव्हा तुम्ही खिडकी लावून घेतली.” त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

पोळ्या बंद झाल्या. पाटी घेऊन अक्का फिरली, जिन्याचे दरवाजे उघडले नाहीत. एकाच घरातली बाई खाली आली. तिचा मुलगा अंथरुणाला खिळलेला होता आणि त्याच्यासाठी तिनं कुत्र्याच्या पोळीचा नेम धरला होता. ती रडत म्हणाली, “अक्का, माझ्या लेकराच्या नावाची पोळी तू माणसांना घातलीस? माझा नेम मोडलास ग!”

अक्काला शिव्या देणारा माणूस कळत होता, रडणारी बाई कळेना. पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “मनी चूक झाई, बाई. आते आधी त्यास्ले खावाडसू. त्यास्नं पोट भरनं का मंग उरेल मानसास्ले. शपथ शे मामलेदारनी.” बाई म्हणाली, “घरच्यांना विचारते.” अक्का रिकामी पाटी घेऊन परत आली. भिंतीशी असलेल्यांना तिनं सांगितलं, “दम धरा. येतीन पोया.”

पुढचे काही दिवस कोणाच्याच पोटात धड काही गेलं नाही. मी घरून नेलेलं पीठ एवढ्या तोंडांना पुरणारं नव्हतं. एक बाई तान्ह्याला पाण्यात बुडवलेली चिंधी चोखायला देत होती. पेठेत चर्चा चालूच होती. दुकानाच्या ओट्यांवर, न्हाव्याकडे, देवळाच्या पायऱ्यांवर एकच विषय: धक्क्यावर कुत्र्यांच्या पोळ्या माणसं खातात.

आणि एका सकाळी धक्क्याच्या टोकाला मोठ्या पत्रावळीवर पोळ्यांची चवड दिसली. ताज्या, तूप लावलेल्या, वर गुळाचा खडा. अक्का धावली. “आन्यात रे बाईनी! पाठाड्यात!” तिला वाटलं, त्या रडणाऱ्या बाईनं घरच्यांना वळवलं. कोणालाही तसंच वाटलं असतं. भुकेल्या माणसाला चांगलंच आधी सुचतं.

भिंतीशी बसलेले सगळे उठले. आबा चाचपडत पुढे आला आणि पत्रावळीशीच बसला. अक्कानं काठी आडवी धरली. “थांबा! शबद देयेल शे. आधी साहेब.” शपथ घेतली होती ना. तिनं मामलेदाराला बोलावलं, पोळी पुढ्यात ठेवली. तो नेहमीसारखा बसला, नाक वीतभर लांब. इतके दिवस तिनं त्याला ताटावरून उपाशी उठवलं होतं. त्या सकाळी तिचा आवाज लाडात आला होता.

“जेवा, साहेब. पोटभर जेवा.”

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. खरंच का, असं. मग एक पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली. आबा हसत म्हणाला, “लवकर आटपा साहेब, मागे लोक खोळंबले.” आणि अंदाजानं हात घालून त्यानं चवडीतून एक तुकडा मोडून घेतला.

मामलेदाराचे पाय ताठ झाले. तो आडवा पडला आणि त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली. अक्कानं एक क्षण बघितलं आणि हातातली काठी सगळ्या बळानं आबाच्या मनगटावर हाणली. “टाक! टाक ते!” तुकडा उडाला. आबाला काहीच दिसत नव्हतं. तो मनगट धरून ओरडला, “मार, पण घास दे!” तिनं पुन्हा मारलं. तो रडत म्हणाला, “अक्का, तूही त्यांच्यासारखीच झालीस का ग?”

अक्का पोळ्या गोळा करून पदरात कोंबत होती, एका पोरीच्या मुठीतून खेचून घेत होती, तिच्या अंगावर लोक धावून जात होते. मग धक्क्याच्या फरशीवर कुत्र्याची नखं खरवडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आबालाही. त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. थोड्या वेळानं तो आवाज थांबला.

त्या पोळ्या कोणी ठेवल्या याचा शोध कोणी घेतला नाही. धान्याच्या पोत्यांवर कुत्री पाय वर करतात म्हणून कोणीतरी त्यांच्यासाठी ठेवल्या, असं पेठेनं ठरवून टाकलं. असेल. पण या धक्क्यावर कुत्र्यांपुढची पोळी माणसं खातात हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विष कालवणारा तेवढा एकटाच बहिरा होता का? मी हे तेव्हाही छापून विचारलं, आताही विचारतो.

मंडळीची पुन्हा बैठक झाली. कुत्र्यासाठी शोकसभा ठरली, त्याचं पत्रक छापायला आमच्याकडेच आले. वडिलांनी पायाखालचं यंत्र थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, “शाई संपली.” दुसऱ्या छापखान्यात छापलं गेलं. माणसांसाठी मंडळीनं ट्रक ठरवला. भिंतीशी घाण होते, रोग होतात, विषबाधेची भानगड होते, तेव्हा यांना धुळे रस्त्याला दूर नेऊन सोडावं. भर दुपारी गोणपाटं उतरली. अक्कानं मामलेदाराला चिंचेखाली पुरलं होतं. हातांवरची माती तशीच होती. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं, तिला तर खोली होती. तिनं खोलीची कडी लावली, आबाला बखोटीला धरून ट्रकमध्ये चढवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसली. मी मागून धावत विचारलं, “अक्का, कुठे चाललीस?” ती म्हणाली, “याना हात सुजेल शे. मीच मारेल शे ना.”

पुढे दुष्काळ सरल्यावर एका सभेसाठी मी धुळ्याला गेलो होतो. पांझरेच्या काठी, पुलाच्या अलीकडे ती दिसली. केस पांढरे झालेले. आबा गेला होता, तापानं. ती इतर बायांबरोबर चुलीवर भाकरी भाजत होती. मला ओळखून म्हणाली, “बस रे. भितले आते काय खावाडस?” मी म्हटलं, “चिंचोके.” ती किंचित हसली. तेवढ्यात एक लंगडं कुत्रं जवळ आलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आधी स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला, जरा थांबली. मग उरलेली भाकरी त्याच्यापुढे टाकली आणि तोंड फिरवलं. कुत्र्यानं कोणाची वाट न पाहता ती खाल्ली.

मी विचारलं, “अक्का, साहेबांना जेवा म्हणाली नाहीस?”

चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, “तो शबद आते मनाकडे नही, भाऊ.”

तिनं मला ‘भाऊ’ म्हटलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं. पुढच्या खेपेला मी त्या काठावर गेलो तेव्हा चूल नव्हती, ती नव्हती. कुठे गेली ते कोणाला सांगता आलं नाही.

आता माझं पहिलं विचारणं तुमच्यापुढे पुन्हा ठेवतो, आणि त्याबरोबर एक मागणं. पत्रकं लिहून मी पुष्कळ मोठ्या गोष्टी मागितल्या, हे मागणं लहान आहे. उद्या सकाळी गायीची आणि कुत्र्याची पोळी खुशाल लाटा, त्यांच्यात आणखी एक लाटा. ती जिन्यावरून टाकू नका. स्वतः खाली उतरा, तुमच्या भिंतीशी जो कोणी बसला असेल त्याच्यासमोर जा, तिचा एक घास आधी आपण खा, आणि मग ती त्याच्या हातात देऊन म्हणा: जेवा, साहेब.