अनामतीची म्हैस

आमच्या सेलूच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांसाठी बाबांनी अनामत म्हणून एक म्हैस घेतली होती.

किरायदार कोंडिबा, कापसाच्या जिनिंगमधला फिटर. त्याच्याकडं रोख नव्हती, दुभती म्हैस होती. दूध आमचं, वैरणही आमची; खोल्या सोडताना म्हैस त्याची. करारनामा मी लिहायचा, कारण इंग्रजी शाळेत भरलेली फी बाबांना कुठंतरी वसूल करायची होती. ‘जसे घेतले तसेच परत द्यावे, अन्यथा भरपाई’ हे कलम मी खोल्यांखाली लिहायचं, ते अनामतीखाली लिहिलं. खोल्या मोकाट सुटल्या आणि म्हशीची हमी आमच्या गळ्यात! (वाचून कुणीच पाहिलं नाही. फी भरली होती ना.)

मी माणसांपुढं तोंड उघडत नसे. इंग्रजी गंजू नये म्हणून आई धार काढायला बसली की मी म्हशीच्या कानाशी पाढे म्हणायची. टू वन जा टू. म्हैस कधी हसली नाही.

वर्षाच्या आत कोंडिबानं मागच्या गल्लीत घर बांधलं आणि म्हैस नेली. दोनच दिवसांत तो करारनामा घेऊन दारात.

“मालक, म्हैस पान्हा सोडंना. ताईच्या अक्षरात हाय, जशी घेतली तशी द्यायची.”

“तिनं दूध चोरलं, त्याला घरमालक काय करणार?”

“मग दुसरी द्या.”

दुसरी म्हैस म्हणजे माझ्या औरंगाबादच्या कॉलेजचे पैसे. आईनं माझ्याकडं पाहिलं. “तिला पाढ्यांची सवय लागलीय.”

कॉलेजला जायचंच, हे माझं ठरलेलं होतं. सकाळी कोंडिबाच्या अंगणात उभी राहिले. भोवती अख्खी गल्ली. मी कुजबुजत सुरू केलं.

“जरा जोरात, ताई. तिला ऐकू जाईना.”

सातच्या पाढ्याला चरवी भरली. दुसऱ्या दिवशी बायका शिकवणीसाठी पोरं घेऊन आल्या! मी रोज जात राहिले. शेवटी कोंडिबाच्या बायकोलाच पाढे पाठ झाले, म्हैस तिला पान्हवू लागली आणि माझी सुटका झाली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी इंग्रजीत माझं नाव विचारलं. मी वर्गभर नजर फिरवली.

म्हैस कुठंच नव्हती.