सामाईक चाकं

अक्का कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात. ती दात बसवते, घासते, गुळगुळीत करते. आसपासची निम्मी म्हातारी मंडळी तिच्या हातच्या दातांनी हसतात आणि ती स्वतः मात्र क्वचितच हसते, असं शेजारी म्हणतात.

तिच्या कामाच्या टेबलाच्या वरच्या फळीवर अर्धी आगगाडी उभी असायची. फ्रान्समधल्या जुन्या अतिवेगवान गाडीची छोटी प्रतिकृती. नारिंगी अंग, चोचीसारखं नाक. बोटीवर स्वयंपाकी असलेल्या बाबांनी कुठल्याशा बंदरातून आणलेली. बाबा गेल्यावर घर, भांडीकुंडी, सगळं चकार शब्द न निघता वाटलं गेलं. भांडण पेटलं ते या गाडीवरून. अक्का हटेना, धाकटा भाऊ ऐकेना. शेवटी मामा वैतागले. "अर्धी हिला, अर्धी त्याला. मिटलं!" म्हणत त्यांनी गाडी मधोमध ओढून तोडली.

इतर गाड्यांचे डबे सुटे होतात. हिची जातच वेगळी. दोन डब्यांच्या सांध्याखाली चाकांचा एकच संच, दोघांत सामाईक. ती चाकं धाकट्याकडे गेली, मोटारीचं इंजिनही त्याच्याकडेच. अक्काच्या वाट्याला मागचं मुकं इंजिन, एक लंगडा डबा आणि सगळे रूळ. मामांनी न्याय केला आणि गाडी मेली. बहीणभावांचं बोलणंही तिथेच तुटलं. अक्काने कवळीच्या हिरड्या बनवायच्या मसाल्यातून चाकं ओतून डबा उभा केला खरा, पण कुणी कुणाची पायरी आधी चढायची, यावर दोघंही वर्षानुवर्षं अडून बसली.

मग एका सकाळी भावजयीचा फोन आला.

"वन्सं, परवा यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. जीव वाचेल म्हणतात, पण आवाज राहायचा नाही. हे काही तुम्हाला बोलवायचे नाहीत. मीच सांगते, या."

अक्काने हातातला साचा तसाच खाली ठेवला. दुपारी ती धाकट्याच्या दारात उभी होती. बगलेत रुळांचं खोकं, पिशवीत कापसात गुंडाळलेली अर्धी गाडी.

धाकट्याने 'ये' म्हटलं नाही. पिशवी मात्र तिच्या हातून घेतली, कापूस बाजूला सारला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अगं, हिला हिरड्या कुणी लावल्या?"

"गुलाबीच मसाला होता हाताशी. तू बसलायस ना खरी चाकं घेऊन!"

"आणि तू रूळ दाबून बसलीस ते?"

भावजय हसू आवरत आत गेली.

दोघं जमिनीवर बसली, गुडघ्यांना शिव्या देत. अक्काने रूळ जोडले, त्याने कपाटातून आपला अर्धा भाग आणला. गुलाबी चाकं निघाली, डबा सामाईक चाकांवर टेकला. मोटार गुरगुरली, अडली. धाकट्याने बोट लावलं तशी गाडी निघाली.

"मामांना अडवायला हवं होतं," तो म्हणाला. "मीच अडवायला हवं होतं. मोटार माझ्याकडे आली, म्हणून गप्प बसलो."

अक्काने यावरचं उत्तर इतकी वर्षं धार लावून ठेवलं होतं. ते तिने गिळलं. "बोलू नकोस. दुखेल."

"परवापासून गप्पच बसायचंय की. आज बोलू दे."

आणि तो बोलत राहिला. बाबांच्या घोरण्याबद्दल, बोटीच्या वासाच्या त्यांच्या कपड्यांबद्दल, ऑपरेशनच्या भीतीबद्दल. लहानपणापासून त्याचं प्रत्येक वाक्य अक्काच पुरं करत आली होती. त्या दुपारी तो अडखळला, खोकला, घोटभर पाण्यासाठी थांबला. पुढचा शब्द तिला ठाऊक असायचा. तरी ती तोंड मिटून, तो शब्द त्याच्या आवाजात यायची वाट बघत बसली.