पाठीवरचं फूल

माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिण्यात चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले मी. ही वही मुलीची, मागची पानं कोरी राहिली होती. जे लिहिते आहे ते नवऱ्याला सांगितलं नाही, आईलाही नाही. तोंडातून निघत नाही — हातातून निघतं का, पाहते.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात दोन बाया आल्या होत्या. कोरोनात मनावर काय ताण पडला, ते आम्हा वॉर्डातल्या आयांना विचारत होत्या. चहा दिला, बिस्किटं दिली. एक म्हणाली, मावशी, तुम्ही किती सोसलंत. माझं डोकंच फिरलं. सोसलं? कोणी सोसलं, ते तुला माहीत आहे का बाई? मी म्हटलं, मला काही झालं नाही. बाहेर आले आणि फिनाइलच्या बादलीला लाथ मारली. मग ते फिनाइल मीच पुसलं.

राग खूप जणांचा आहे. किट मोजून देणाऱ्या ठेकेदाराचा आहे. आमच्या गल्लीचा आहे — आधी थाळ्या वाजवल्या आणि मग मला नळावर पाण्याची गुंडी लावू दिली नाही. योद्धा म्हणून जो कागद मिळाला, त्याचासुद्धा आहे. पण खरं सांगू? हे सगळे राग मी पुढे करते आणि त्यांच्या मागे लपते. नऊ नंबरच्या खाटेजवळ त्यांच्यातलं कोणी नव्हतं. मी होते.

शोभा माझ्याबरोबर कोरोनाच्या वॉर्डात होती. दहावी शिकलेली, बोलकी. प्लास्टिकच्या किटमध्ये सगळ्या सारख्याच दिसत, म्हणून पाठीवर आणि छातीवर मार्करने नाव लिहायचं. माझ्या अक्षराची मला लाज. म्हणून माझंही नाव शोभाच लिहून द्यायची. स्वतःच्या नावाशेजारी ती एक फूल काढायची. पेशंटले बरं वाटते वं, म्हणायची.

दुसऱ्या लाटेतला मे महिना. दुपारी माझी पाळी संपली, मी किट उतरवलं. शोभाची पाळी होती, तिने नाव लिहून किट तयार ठेवलं होतं, आणि तिला चक्कर आली. बाकावर आडवी झाली. सांगावं तर तिचा रोज कापला जाणार. म्हणाली, "माह्या बदली जाशीन का?" दुसरं किट नव्हतं. मी तिचंच घातलं आणि आत गेले. फूल माझ्या पाठीवर.

नऊ नंबरला पुलगावकडची एक म्हातारी होती. नाकाला ऑक्सिजन. तिने पॉट मागितला. मी दिला नाही. पुन्हा मागितला. मी ऐकलं — ऐकू आलं नाही असं नाही, अगदी स्पष्ट ऐकलं. तिसऱ्यांदा तिने माझी बाही धरली. "दे ना वं माय." मी तिचा हात झटकला. खाली वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "अंथरुणातच कर. मेल्यावर धुऊन देऊ तुले."

तिचं अंथरुणात झालं. संध्याकाळपर्यंत ती तशीच पडून होती आणि मी तिच्या खाटेजवळून चार वेळा गेले.

आणि याहून वाईट सांगायचं राहिलंच. रोज संध्याकाळी तिची मुलगी फोनवर तिला बघायची. त्या फोनच्या आधी ही मरावी, असं मला वाटलं. म्हणजे सांगायला कोणी उरणार नाही. हे माझ्याच मनात आलं, ठेकेदाराच्या नाही.

ती मेली नाही. तिने सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, ती म्हणाली — जिच्या पाठीवर फूल आहे, ती.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने आम्हाला ओळीत उभं केलं. "फूलवाली कोण वं तुमच्यात?" शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे. तोंडावर मास्क होता, तरी वाटलं तोंड झाकलेलं नाही. ती म्हणाली, "मीच." दीड महिन्याचा पगार अडकवून तिला काढून टाकलं.

फाटकाशी तिनेच मला समजावलं. बदलीचं कळलं असतं तर दोघी गेलो असतो, एकीचं तरी राहू दे, तुझी लेकरं लहान आहेत. "अन् म्हातारीले भास झाला असन. तू तं मुंगीलेही दुखवत नाई." मी मान हलवली. कशाला हलवली? तेव्हा बोलले असते तर पगारही वाचला नसता, नोकरीही नाही, पण ती म्हातारी तरी खोटी ठरली नसती.

शोभा आता लग्नाच्या स्वयंपाकात पोळ्या लाटते. मी माझ्या पगारातून पाचशे-पाचशे करून तिला देत राहिले, तिचे बुडालेले. नको नको म्हणायची, मग घ्यायला लागली. मला पाहिलं की हाक मारायची, "आली पाह्य हप्तेवाली!" आणि तिच्याबरोबरच्या बायांना सांगायची, अशी मैत्रीण शोधून भेटणार नाही.

या रविवारी शेवटचे पाचशे घेऊन पिपरीला शोभाच्या कामावर गेले. तिचे हात कणकेचे होते. म्हणाली, "डब्याखाली ठेव. झाले वं बाई पूर्ण." मग पोळी उलटता उलटता म्हणाली, "त्या म्हातारीनं खोटं बोलून माह्या पोटावर पाय देला, अन् तू पाह्य, परकी असून भरून देलं."

म्हातारी खोटं बोलली नव्हती. एक शब्दही नाही.

हे मी तिथे म्हणाले नाही. नोट डब्याखाली सरकवली. दीड महिन्याचा पगार फिटला, पूर्ण.